आढळले नाही

मास्तर : जन्म १९५८, मृत्यू २०२३. शहरातील सर्व रुग्णालयांनी मिळून चालवलेल्या चौकशी कार्यालयात ते प्रोग्रॅमर होते. त्यापूर्वी काही वर्षे त्यांनी गणित शिकवले होते. शाळा सुटली, पण तिथे चिकटलेले ‘मास्तर’ हे नाव अखेरपर्यंत सुटले नाही. मागे पत्नी किंवा मूलबाळ नाही. धाकट्या भावाची पत्नी आणि त्या भावाची मुलगी, एवढाच गोतावळा.

मास्तरांच्या टेबलावर टाचणीलासुद्धा आपली जागा ठाऊक असे. त्यांच्या प्रोग्रॅममधली एखादी ओळ समासाच्या बाहेर डोकावली तर ती सरळ केल्याशिवाय ते चहाचा कप उचलत नसत. याउलट त्यांचा धाकटा भाऊ. तो खिडक्यांना काचा बसवण्याचे काम करी. त्याची हत्यारे एका जुन्या पिशवीत कोंबलेली, डोक्यावरचे केस चारी दिशांना, आणि घरून निघताना फोन, चष्मा, किल्ल्या यांपैकी एक वस्तू हमखास मागे राहिलेली. आई लवकर गेली तेव्हा धाकटा शाळेत होता. त्याचा भांग पाडण्यापासून त्याचे लग्न लावण्यापर्यंत सगळे मास्तरांनीच केले. लग्नानंतर तो पलीकडच्या गल्लीत राहायला गेला, तरी रविवारी सकाळी दादाकडे येऊन त्याच्या नीटनेटकेपणाची टर उडवल्याशिवाय त्याचा आठवडा सुरू होत नसे.

“दादा, तुझं बरं आहे,” तो उजवा तळहात पुढे करून म्हणे. काच निसटून पडलेला एक लांब व्रण त्या तळहातावर आडवा होता. “तुझ्या कामात चूक झाली तर कुणाला दिसतसुद्धा नाही. माझ्या कामात झाली की लगेच रक्त.”

“म्हणूनच मी चुका करत नाही,” मास्तर म्हणत, आणि दोघेही हसत.

मास्तरांचे काम थोडक्यात असे. प्रत्येक रुग्णालयातून दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी एका लांबलचक मजकुराच्या रूपाने कार्यालयात येत. ज्यांचे माणूस हरवले आहे ते लोक खिडकीपाशी येऊन माणसाची खूण सांगत : पुरुष की स्त्री, वय, रंग, एखादा व्रण, तीळ. मास्तरांनी लिहिलेला प्रोग्रॅम त्या खुणांचा एक नमुना बनवी आणि तो नमुना मजकुरात कुठे जुळतो ते पाही. प्रोग्रॅमिंगच्या परिभाषेत अशा नमुन्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. कार्यालयात सगळे ‘नमुना’च म्हणत.

यात अडचण होती ती निनावी रुग्णांची. बेशुद्धावस्थेत आणलेल्या माणसाचे नाव ठाऊक नसले, की नोंदणी करणारे लोक नावाच्या जागी आडव्या रेघांची ओळ ओढत. कागदाच्या दिवसांपासूनची ही सवय होती. जागा कोरी सोडली तर पुढे कुणीही तिथे काहीही घुसडेल, म्हणून ती भरून टाकायची. संगणक आला तरी हात बदलले नाहीत. एका रुग्णालयात सलग रेघा, दुसऱ्यात मध्ये मोकळी जागा सोडून रेघांचे झुबके, तिसऱ्यात दोन्हींचे कडबोळे. मास्तरांनी या सर्वांना सामावून घेणारा एकच नमुना लिहिला होता : रेघांचा गट, आणि अशा गटांचे कितीही गट. त्यानंतर रुग्ण पुरुष की स्त्री, मग वय, मग खुणा. एका नमुन्यात सगळी रुग्णालये बसली याचा त्यांना मनातून अभिमान होता.

एका वर्षी खिडकीवरचे काम अचानक रेंगाळू लागले. लोक तिष्ठत उभे राहत आणि पडद्यावर काहीच उमटत नसे.

“मास्तर, तुमचं यंत्र विचारात पडलंय,” खिडकीवर बसणारे कारकून आत येऊन म्हणाले. “मीही पडलोय. फरक इतकाच, की शिव्या मला खाव्या लागतात.”

कारण शोधून काढले ते नव्याने रुजू झालेल्या बाईंनी. त्या प्रत्येक गोष्टीची नवी आवृत्ती आणू पाहत, म्हणून कार्यालयाने त्यांचे नाव ‘घाईबाई’ ठेवले होते, आणि त्याही त्या नावाला ओ देत. नदीपलीकडच्या रुग्णालयात नोंदणीवर नवा माणूस आला होता आणि तो रेघांची ओळ पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत होता.

“हे बघा,” घाईबाईंनी मास्तरांच्या शेजारी खुर्ची ओढली. “आपण पुरुष शोधतोय. रेघांची ओळ जुळली, आणि पुढे निघाली स्त्री. शहाण्या माणसाने काय म्हणावं? ही नाही, पुढे चला. पण आपलं यंत्र म्हणतं, माझी रेघांची वाटणीच चुकली असेल. मग तीच ओळ दोन गटांत मोजतं, तीन गटांत मोजतं, आधी मोठा गट मग लहान, आधी लहान मग मोठा. दर वेळी शेवटी तीच स्त्री. एक रेघ वाढली की काम दुप्पट. इथे तर पानभर रेघा आहेत. तुमचे नातू निवृत्त होतील, हे वाटण्याच करत बसेल.”

“मला नातू नाहीत,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे बघायलाही कोणी नसेल.” त्या हसल्या. “मास्तर, यंत्र मूर्ख नाही, विसराळू आहे. एका दारावर ‘इथे नाही’ ऐकून परत फिरतं आणि दुसऱ्या वाटेने जाऊन पुन्हा तेच दार वाजवतं. आपल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या नव्या आवृत्तीत ते लक्षात ठेवतं, कुठल्या दारावर नकार मिळाला ते. तिकडे पुन्हा जातच नाही. नमुना तोच, उत्तर तेच, फक्त चुटकीसरशी. ती आवृत्ती बसवू या.”

“आणि त्या आवृत्तीत दुसरं काही बिघडलेलं असलं तर?”

“तपासू की.”

“तपासू नव्हे. तपासलं, असं म्हणता येईल तेव्हा बसवू. प्रत्येक नमुना जुन्यात आणि नव्यात ताडून पाहायचा. एकही सोडायचा नाही.”

हे म्हणणे अवाजवी नव्हते. परंतु खिडकीसमोरची रांग तोवर थांबायला तयार नव्हती. म्हणून मास्तरांनी मधला मार्ग काढला. शोधाला वेळेची मर्यादा घातली : एखाद्या रुग्णालयाच्या मजकुरात यंत्र ठरावीक काळापेक्षा जास्त अडकले, तर तो मजकूर तिथेच सोडून पुढच्या रुग्णालयाकडे वळायचे.

“वेळ संपून सोडून दिलं, तर पडद्यावर काय दाखवायचं?” घाईबाईंनी विचारले.

“जुळलं नाही, एवढंच. खिडकीवर दोनच उत्तरं चालतात. तिसरं दिलं की लोक भांडायला उठतात.”

“पण जुळलं नाही आणि पुरतं पाहिलं नाही, यात फरक आहे ना?”

“तात्पुरती सोय आहे हो. नवी आवृत्ती बसली की काढून टाकू.”

रांग हलू लागली. कारकुनांनी मास्तरांना पेढे देऊ केले, वरिष्ठांनी पाठ थोपटली. दुखणे थांबले की वैद्याची आठवण राहत नाही, तसे नव्या आवृत्तीच्या तपासणीचे झाले. एक नमुना आज, एक पुढच्या आठवड्यात, अशा गोगलगाईच्या चालीने ती चालली. ती तात्पुरती सोय मात्र जागच्या जागी राहिली.

त्याच सुमारास एका सकाळी धाकटा कुठल्याशा नव्या इमारतीत काचांची मापे घ्यायला म्हणून बाहेर पडला. फोन नेहमीप्रमाणे घरीच राहिला होता. संध्याकाळ झाली तरी तो परतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय मास्तरांच्या कार्यालयात आली. पायांतल्या चपला दोन वेगवेगळ्या जोडांमधल्या होत्या.

“भाऊजी, पोलिसांकडे जाऊन आले. ते म्हणतात, रुग्णालयांत बघा. तुम्ही बघा ना.”

मास्तरांनी तिला खुर्चीत बसवले आणि स्वतः खुणा घातल्या. पुरुष. पन्नाशीच्या आसपास. उजव्या तळहातावर जुना आडवा व्रण. पडदा क्षणभर थांबला आणि उत्तर उमटले : आढळले नाही.

मास्तरांच्या छातीवरचा दगड उतरला. “नाही,” ते म्हणाले. “म्हणजे अपघात वगैरे नाही. कुठेतरी कामात अडकला असेल. त्याचं काही खरं नसतं, तुला ठाऊक आहे.”

“रात्रभर अडकेल? न सांगता?” ती उठून उभी राहिली. “मी काय म्हणते, मी एकेक रुग्णालय पायी फिरून येते. नदीपलीकडच्यापासून सुरुवात करते. त्याच बाजूला गेले होते ना ते.”

“कशासाठी?” मास्तरांचा स्वर थोडा चढला. आपल्या कामावर कोणी शंका घेतली की तो असाच चढे. “तू पायी जाऊन जे पाहणार, ते मी इथे बसून पाहिलंय. सगळी रुग्णालयं. एकही सोडलेलं नाही. तू घरी थांब. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?”

“नीट बघितलंत ना, भाऊजी?”

“अगं, माझंच काम आहे ते.”

तिचा त्यांच्यावर विश्वास होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. ती घरी जाऊन दाराशी बसली.

पुढचे दिवस मास्तर रोज सकाळी आणि कार्यालय सुटताना तोच शोध घेत राहिले. मधल्या वेळात त्यांनी धाकट्याच्या ओळखीची सगळी दुकाने पालथी घातली, बांधकामांवर जाऊन मुकादमांना विचारले. परगावी शिकणारी पुतणी फोनवर विचारी, “काका, काही कळलं?” ते सांगत, “रुग्णालयात नाही, एवढं नक्की कळलं. घाबरू नकोस.” हा दिलासा त्यांनी तिला रोज दिला.

एका दुपारी घाईबाई कामानिमित्त त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मास्तर पडद्याकडे पाहत होते. उत्तर उमटताच त्यांनी नेहमीप्रमाणे मान हलवली.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “पुन्हा करा.”

मास्तरांनी पुन्हा केले.

“मधेच एका ठिकाणी रेंगाळतंय. बाकी सगळी रुग्णालयं झरझर, आणि एकावर अडून मग पुढे. कुठलं आहे ते?” बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला. “मास्तर, ते मर्यादेला थडकतंय. ते पुरतं बघतच नाहीये.”

घाईबाई धावत आपल्या टेबलाशी गेल्या. तपासणीसाठी म्हणून नवी आवृत्ती त्यांच्या संगणकावर केव्हाची बसवलेली होती. तोच मजकूर, तोच नमुना, त्याच खुणा. त्यांचे बोट बटणावरून उचलले जायच्या आत उत्तर आले. एक नोंद. नदीपलीकडचे रुग्णालय. आधी एका निनावी वृद्धेची नोंद होती, पानभर रेघांची. यंत्र रोज त्या रेघांच्या वाटण्या करत बसले होते आणि वेळ संपताच पुढच्या रुग्णालयाकडे वळले होते. त्या वृद्धेच्या मागेच, दुसऱ्या रेघांखाली : पुरुष, वय अंदाजे पन्नास, रस्त्यात कोसळलेला आढळला, उजव्या तळहातावर जुना व्रण.

ते दोघे टॅक्सीने गेले. वाटेत घाईबाईंनी एकदा त्यांच्या हातावर हात ठेवला. मास्तरांना ते कळले नाही.

त्या कक्षातल्या परिचारिकेने नोंद पाहिली आणि खुर्ची पुढे केली. खुर्ची पुढे केल्याबरोबर मास्तर समजले.

“काल सकाळी गेले,” ती म्हणाली. “आम्ही वाट पाहत होतो कोणीतरी येईल म्हणून. तुम्ही कोण?”

“भाऊ. मोठा.”

“मेंदूत रक्तस्राव झाला होता. मध्ये दोन दिवस चांगले शुद्धीवर होते. उजवी बाजू गेलेली, बोलता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं. पण दार वाजलं की बघायचे. प्रत्येक वेळी.” ती थोडी थांबली. “त्यांच्या खाटेशेजारच्या खिडकीची काच सैल आहे, वाऱ्याने वाजते. ते डाव्या हाताने ती कडेला दाबून धरायचे. आम्हाला वाटलं, थंडी वाजतेय. दुसरं पांघरूण दिलं.”

मास्तरांना सांगायचे होते की त्याला थंडी वाजत नव्हती. खिडकीपाशी जाऊन त्यांनी काचेच्या कडेवर बोट टेकवले. काच थरथरत होती.

डॉक्टर सज्जन होते. “आधी कळलं असतं तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही,” ते म्हणाले. “पण एकटे नसते.”

भावजयीला सांगण्याचे काम मास्तरांनी दुसऱ्या कोणावर टाकले नाही. त्यांनी तिला आधी मृत्यू सांगितला, आणि ती रडून थकल्यावर बाकीचेही सांगितले : रेघा, वाटण्या, मर्यादा, आणि ती मर्यादा कोणी घातली ते. समोरच्याला प्रमेय समजावून द्यावे तसे क्रमाने सांगितले, कारण दुसऱ्या कोणत्याही रीतीने त्यांना सांगता आले नसते. तिला त्यातले यंत्र कळले नाही. जे कळायचे ते कळले.

“म्हणजे तुम्ही बघितलंच नव्हतं,” ती म्हणाली.

“मला वाटलं होतं, मी पाहिलं.”

“मी चालत गेले असते, भाऊजी.” तिचा आवाज चढला नव्हता. “चप्पल घालून निघालेच होते मी.”

त्या दिवसानंतर तिने त्यांना ‘भाऊजी’ म्हणून हाक मारली नाही. भांडण केले नाही, दाराला कडी घातली नाही; समोर आले तर पाणी दिले. फक्त हाक बंद झाली.

अंत्यसंस्कारासाठी पुतणी आली. काकांच्या गळ्यात पडून ती हुंदके देऊ लागली. “काका, तुम्ही होतात म्हणून बाबा सापडले तरी. नाहीतर बेवारस म्हणून कुठे गेले असते कुणास ठाऊक.”

मास्तर ताठ उभे राहिले. पुतणीच्या खांद्यावरून त्यांनी भावजयीकडे पाहिले. तिने मान किंचित हलवली : नाही.

पुढे स्वयंपाकघरात मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, “तिला कळायला हवं. मी सांगतो.”

“सांगायचं नाही,” भावजय म्हणाली. “बाप गेला तिचा. आता काकाही घालवू? तुमच्यासाठी नाही म्हणत मी. तिच्यासाठी म्हणतेय.”

“पण ती माझे आभार मानतेय गं.”

“मग घ्या,” ती म्हणाली, आणि चहाचे आधण उतरवायला वळली.

मास्तरांनी ते घेतले. सुटीत आली की पुतणी आधी त्यांच्याकडे येई, त्यांच्या टाचण्यांची जागा मुद्दाम बदलून ठेवी, बापासारखीच टर उडवी, आणि निघताना पाया पडे. पाया पडणाऱ्याला मास्तर पूर्वी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत. तिच्या बाबतीत हात उचलला जाई, पण मध्येच थांबे. तिला वाटे, काका थकले.

कार्यालयात नवी आवृत्ती बसवली गेली. तो एकच नमुना मोडून प्रत्येक रुग्णालयासाठी वेगळा, साधा नमुना लिहिला गेला. रेघांच्या वाटण्यांना त्यात वावच उरला नाही. खिडकीच्या पडद्यावर तिसरे उत्तर आले : शोध पूर्ण झाला नाही. ते उमटले, की कार्यालयातल्या माणसाने त्या रुग्णालयात स्वतः जाऊन पाहायचे, असा नियम मास्तरांनी वरिष्ठांकडून मंजूर करून घेतला. लोक त्या उत्तरावरून भांडले नाहीत.

मर्यादा असताना ज्यांना नकार मिळाला होता, त्या सगळ्यांचे शोध मास्तरांनी आणि घाईबाईंनी पुन्हा घेतले. बहुतेकांची माणसे आपली आपण घरी परतली होती. काहींची नव्हती, आणि त्यांतली काही त्या वेळी खरोखरच रुग्णालयात होती. त्यांच्या घरी मास्तर एकटे गेले. घाईबाई सोबत येऊ म्हणाल्या तेव्हा त्यांनी हात जोडून नकार दिला. एका घरी म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांचे सगळे ऐकून घेतले, “बरं,” एवढेच म्हटले, आणि दार हळूच लावून घेतले. दुसऱ्या एका घरची आई मात्र दीर्घ मुदतीच्या कक्षात जिवंत सापडली. त्या घरच्या लोकांनी आनंदाने मास्तरांना उचलून घ्यायचेच काय ते बाकी ठेवले. तिथून परतल्यावर मास्तर आजारी पडले.

निवृत्तीनंतरही तिसरे उत्तर आले की खिडकीवरचे कारकून त्यांना फोन करत आणि मास्तर छत्री घेऊन निघत. त्यांचे गुडघे गेले तेव्हा हे काम घाईबाईंनी आपल्याकडे घेतले. आता त्यांना ‘घाईबाई’ म्हणणारे कार्यालयात फारसे कोणी उरले नव्हते.

मास्तरांना मृत्यू आला तो सकाळी, खुर्चीत. पुतणी मिळेल त्या गाडीने आली. भावजयही आली आणि शेवटपर्यंत सगळे नीट केले. त्यांचे धुतलेले कपडे घड्या घालून ठेवले, टेबलावरचे सामान होते तसेच राहू दिले. शेजारणींपैकी कोणी म्हणाले, “दीर असावा तर असा.” तिने कपाटाचे दार लावून घेतले.

पुतणीने काकांचा एक फोटो मोठा करून आणला आणि आईच्या घरी, बाबांच्या फोटोशेजारी भिंतीवर धरून पाहिला.

“इथे लावते. दोघं भाऊ शेजारी शेजारी.”

“तिथे नको,” आई म्हणाली.

“का गं?”

मुलीच्या हातातली चौकट किंचित तिरकी झाली होती. आईने ती सरळ केली.

“त्या भिंतीवर ऊन येतं,” ती म्हणाली. “फोटोचा रंग उडेल. आतल्या खोलीत लाव.”

फोटो आतल्या खोलीत लागला. पुतणीला कारण पटले. सांगायचे ते अजून सांगितलेले नाही, आणि घरात ते सांगू शकणारी आता आई एकटीच आहे.